चार नंबरची खिडकी

अंड्यांवर संशय घेण्याचा तिला पगार मिळत असे. सव्वीस वर्षे ती हेच करत होती. उबवणी केंद्रातल्या अंधाऱ्या खोलीत एक पत्र्याचा डबा होता, डब्यात दिवा आणि वरच्या बाजूला अंड्यापेक्षा जरा लहान भोक. त्या भोकावर अंडे धरले की आत लालसर उजेड पसरायचा. सातव्या दिवशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या तर अंडे जिवंत. नुसता पिवळा उजेड दिसला तर रिकामे. आणि रक्ताचे एक बारीक कडे दिसले, तर आतला जीव सुरू होऊन थांबलेला. एका अंड्याला तिला दोन सेकंद पुरत. सगळे तिला ‘एक्सरे मावशी’ म्हणत आणि तिला ते आवडत नाही असे ती दाखवत असे.

हे काम तिला मोठ्या मालकांनी शिकवले होते. ती आली तेव्हा अंडी धुवायला आली होती. एक दिवस त्यांनी तिला दिव्यापाशी बसवले आणि सांगितले, “काळी सावली दिसली की लगेच अंडं टाकायचं नाही. आधी अंडं फिरव. तरी दिसली तर दिवा सरकव. तरीही दिसली तर हात बदल. कधीकधी ती सावली आपल्याच बोटाची असते.” पहिल्या वर्षी ती हे तिन्ही करत असे. नंतर हात इतका बसला की अंडे फिरवायचीही गरज उरली नाही.

पण संशयाचे काम संपवून माणूस घरी जातो, तेव्हा संशय काही कामावर ठेवून येत नाही. दुकानदाराने पिशवीत घातलेला प्रत्येक बटाटा ती उलटून बघे. कुलूप लावले की तीनदा ओढे आणि वळणावरून परत येऊन चौथ्यांदा ओढे. तिचा नवरा शिंपी होता, पुढच्या खोलीतच त्याचे मशीन होते. तो म्हणायचा, “आमच्या लग्नात हिनं मला दोनदा उजेडात धरून बघितलं. तेव्हा कुठं हो म्हणाली.”

“आणि तरी चुकलंच,” ती आतून म्हणायची.

केंद्रात आठ यंत्रे होती. माणूस उभा आत मावेल एवढ्या पेट्या, आत अंड्यांचे ट्रे, वर पंखे. सात यंत्रे नवी होती. चार नंबरचे तिच्याच बरोबरीचे, म्हणजे ती ज्या वर्षी आली त्याच वर्षी आलेले. नव्या यंत्रांतून अठराव्या दिवशी अंडी काढून दुसरीकडे हलवावी लागत. चार नंबरच्या पोटात मात्र पहिल्या दिवसापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत सगळे एकाच जागी होई. त्याचा दरवाजा अर्धवट लागायचा आणि त्याला गुडघ्याने एक विशिष्ट धक्का द्यावा लागायचा. तो धक्का फक्त तिला नीट जमे.

आठही यंत्रांच्या पोटात एक एक छोटा संगणक होता आणि त्याचे स्वतःचे छोटेसे पान होते. ती आठ पाने एकाच पडद्यावर आठ खिडक्यांसारखी मांडलेली असत. प्रत्येक खिडकीत तापमानाचा काटा, त्यामागे हिरवा पट्टा, तापमान कमी-जास्त करायचे दोन बाण आणि ‘पाहिले’ असे बटण. दर तासाला घंटी वाजे. तेव्हा पाळीवरच्या माणसाने काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना हे बघून आठही खिडक्यांतले ‘पाहिले’ दाबायचे, हा मोठ्या मालकांचा नियम. बाणांना कोणी हात लावत नसे. तापमान बदलायचे तर यंत्राच्या दारावर झाकणाखाली कळा होत्या, तिथेच नेमलेला आकडाही दिसे. मोठे मालक गेले, नियम राहिला. त्या ‘पाहिले’ची नोंद कुठे जाते हे गेल्या दहा वर्षांत कोणी विचारले नव्हते, आणि इतर पाळ्यांनी ते दाबणेही सोडले होते. मावशीने मात्र एक तास चुकवला नव्हता.

आता केंद्र धाकटे मालक बघत होते. एका सकाळी त्यांनी जुना, ढेरपोट्या पडदा काढून भिंतीवर नवा लावला. दाराएवढा रुंद आणि इतका बारीक दाण्याचा, की त्यावरच्या फोटोतल्या कोंबडीच्या पापण्या मोजाव्यात.

“कसा आहे, मावशी?”

मावशी जवळ गेली. सात खिडक्या ऐसपैस दिसत होत्या. चौथीच्या जागी मात्र शर्टाच्या बटणाएवढे काहीतरी चिकटले होते. जुन्या पडद्यावर ती तळहाताएवढी होती.

“चार नंबर कुठंय?”

“आहे की ते. त्याचं पान फार जुनं आहे हो. ठरावीक ठिपक्यांचं बनवलेलं. ह्या पडद्याचे ठिपकेच बारीक, मग ते बारीकच दिसणार.” धाकटे मालक हसले. “नाहीतरी चार नंबर किती दिवस ठेवायचं? आणि आता मी सगळं फोनवरून बघू शकतो. घरी बसून.”

“बघू शकता की फिरवू शकता?”

“दोन्ही.”

मावशीच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. आठांतली सात दिसावीत आणि नेमके तिचेच दिसू नये? उद्या म्हणतील, मावशीला काटा दिसत नाही, मावशीचे डोळे गेले. यंत्र भंगारात, मावशी घरी. एका पडद्यात दोन कामे.

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याचे सुई ओवायचे भिंग आणले आणि ते पडद्याला लावून काटा वाचायला सुरुवात केली. दुपारच्या पाळीचा पंखेवाला दारात उभा राहून बघत होता. तो यंत्रांचे पंखे दुरुस्त करत करत पाळी सांभाळायला लागला होता. चाळिशीचा, शांत, कमी बोलणारा गडी.

“मावशी, पडद्यात पण जीव आहे का बघताय?”

“तुझ्यात आहे का ते आधी बघते, ये इकडं.”

शेवटी धाकट्या मालकांनी कंप्युटरवालीला बोलावले. ती तिशीतली, खांद्याला पिशवी, बोलताना समोरच्याकडे न बघता पडद्याकडे बघणारी. तिने आधी पान मोठे केले. अक्षरे भोपळ्यासारखी फुगली, चार नंबरची चौकटही फुगली, पण आतला काटा कोपऱ्यात वाटाण्याएवढाच राहिला.

“घर मोठं बांधलं, माणूस तेवढाच,” मावशी म्हणाली.

मग तिने अख्ख्या पडद्याचेच ठिपके कमी केले. चार नंबर मोठा झाला, पण सगळे असे धुरकट दिसायला लागले, की मावशीने एक नजर टाकून सांगून टाकले, “हे नासलंय. काढ.” मग कंप्युटरवालीने कुठून तरी एक छोटा प्रोग्राम आणून बसवला. तो फक्त ती एक खिडकी ताणत असे. काटा एकदम तळहाताएवढा झाला. कडा जरा दातेरी होत्या, काटाही जाड झाला होता, पण भिंगाशिवाय वाचता येत होते.

“थांबा, एकदा बटणं दाबून बघते,” ती म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

मावशीने तिचा हात वरच्या वरच धरला. “बघितलंस ना, दिसतंय? बास. चार नंबरला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. आत चार हजार दोनशे जीव आहेत. सातवा दिवस आहे त्यांचा.”

“मावशी, नुसतं ‘पाहिले’ दाबते.”

“तू कुठं पाहिलंयस? मग खोटं कशाला दाबायचं?”

कंप्युटरवालीने खांदे उडवले आणि पिशवी उचलली.

आठव्या दिवसापासून मावशीने ताणलेल्या खिडकीवर काम सुरू केले. सात वाजता पाळी, आठपासून दोनपर्यंत सात घंट्या. नवव्या दिवशी सकाळी तिने सवयीने दारावरचे झाकण उघडले आणि थबकली. आकडा सदतीस पाचवर हवा, तो होता छत्तीस आठवर. काटा हिरव्या पट्ट्यातच होता, त्यामुळे धोक्याची घंटी वाजली नव्हती. पण छत्तीस आठ म्हणजे अंड्यांना अंगावरची चादर ओढून घेतल्यासारखे. तिने आकडा परत वर केला आणि कोणालाही काही न बोलता वहीत लिहून ठेवले.

दहाव्या दिवशी सकाळी परत छत्तीस आठ. अकराव्या दिवशी परत. रोज बरोबर सात दशांश, ना सहा, ना आठ. ‘जो कोणी करतोय,’ तिने मनाशी म्हटले, ‘तो शिस्तीचा आहे.’

पहिला संशय अर्थातच पंखेवाल्यावर गेला. तिच्यानंतर यंत्रापाशी तोच असे. त्याच्या नोंदवहीत दुपारी दोनची नोंद बघितली, तर तिथेही छत्तीस आठ. म्हणजे आल्या आल्या कमी करतो आणि साळसूदपणे लिहूनही ठेवतो? त्याला समोर धरून विचारणे सोपे होते. पण विचारले की माणूस सावध होतो.

घरी आल्यावर तिने नवऱ्याकडे काळा दोरा मागितला.

“कशाला?”

“झाकणाला बांधायचाय. कोणी उघडलं तर कळेल.”

“अगं, त्या बिचाऱ्याला विचार की सरळ.”

“चोर कधी हो म्हणालाय?”

“पण चोर आहे हे कोणी ठरवलं?” शिंप्याने दात लावून दोरा तोडला. “आणि चोरून नेतो काय? गारवा?”

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून जाताना तिने झाकणाला दोरा बांधला. त्या गाठीवर खडूचा बारीक ठिपकाही दिला. तेराव्या दिवशी सकाळी बघितले तर दोरा जागेवर, गाठ जागेवर, खडू जागेवर. झाकणाखालचा आकडा छत्तीस आठ.

मावशीने गाठ उजेडात धरून बघितली. दाराला हात न लावता कोणीतरी आतली ऊब काढून घेत होते. चौदाव्याला तेच. मग हात न लावता फिरवू शकणारा माणूस जगात एकच होता आणि त्याने ते स्वतःच्या तोंडाने सांगितले होते.

पंधराव्या दिवशी तिने ठरवले की डोळ्यात तेल घालून बसायचे. दर तासाला घंटी झाली, की ‘पाहिले’ दाबायचे आणि नंतर उठून दारावरचा आकडा वहीत लिहायचा. आठ वाजता बटण दाबले, गेली, बघितले. सदतीस चार. तिने तो पाचवर केला. नऊ वाजता परत सदतीस चार. दहाला परत. म्हणजे हे मागून होतच नव्हते. तिच्या पाळीत, तिच्या नाकासमोर, घड्याळाच्या ठोक्याला होत होते. तासाला एक दशांश, रोज सात तास. जाड काट्यावर एक दशांश कुठला दिसायला! तिची मान वळते तेवढ्यात धाकटे मालक घरी बसून एक बोट लावतात. आणि वेळ कशी साधतात? बरोबर घंटीची. म्हणजे तपास झाला तर दिसावे, की मावशी बघत होती तरी झाले.

सोळाव्या दिवशी धाकटे मालक आले, तेव्हा पाच-सहा माणसे अंड्यांचे खोके उतरवत होती. मावशीने तेवढेही थांबायचे कष्ट घेतले नाहीत.

“तुमचा फोन अंडी मारतोय.”

“काय?”

“चार नंबर भंगारात काढायचं तर उघड काढा. त्यासाठी आतल्या जिवांना थंडीत कशाला कुडकुडवताय? माझ्याकडं लिहिलेलं आहे सगळं. तारखा आहेत.”

खोके उचलणारी माणसे खोके हातात धरूनच उभी राहिली. धाकट्या मालकांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. ती त्यांना अर्ध्या चड्डीत पिल्लांमागे धावताना बघितलेली बाई होती. त्यांनी फोन तिच्यासमोर टेबलावर आपटला.

“हा घ्या. ठेवा तुमच्याजवळ दिवसभर. आणि ऐका. ही बॅच एकविसाव्या दिवशी नीट निघाली तर चार नंबर राहील, मी परत बोलणार नाही. नाही निघाली, तर बाविसाव्या दिवशी सकाळी भंगारवाल्याची गाडी येईल. मग दिवा पण मी मशीनवर करून घेईन.”

दिवा मशीनवर, म्हणजे काय ते सगळ्यांना समजले.

त्या दिवशी फोन तिच्यासमोर होता आणि आकडा तरीही दर तासाला उतरत होता. माणसाने एवढ्यावरून तरी थांबावे. पण संशय एकदा बसला की त्याला दुसरी खुर्ची लागत नाही. ‘घरी दुसरा फोन असणार,’ ती म्हणाली आणि दर तासाला उठून आकडा वर करत राहिली.

अठराव्या दिवशी चार नंबरची अंडी दिव्याखाली तपासायची होती. नऊची घंटी झाली, मावशीने बटण दाबले, आकडा बघून वर केला आणि पहिले ट्रे घेऊन अंधाऱ्या खोलीत शिरली. अठराव्या दिवशी अंडे आतून काळे असते, कारण ते पिल्लाने भरलेले असते. वरच्या टोकाला फक्त हवेची टोपी उजळते. ती टोपी हलली की समजायचे, सगळे ठीक. टोप्या हलत होत्या, पण तिला त्या लहान वाटल्या. अठराव्या दिवसाच्या मानाने लहान. सतराव्याच्या, किंवा त्याच्याही आधीच्या.

एका अंड्यात तिला टोपीच्या कडेला काळी रेघ दिसली. मेलेले असावे. तिने ते बाजूला ठेवले आणि परत उचलले. का उचलले ते तिलाही सांगता आले नसते. अंडे फिरवले, रेघ तिथेच. दिवा सरकवला, रेघ तिथेच. अंडे उजव्या हातातून डाव्या हातात घेतले आणि रेघ गेली. टोपी हलली. आत पिल्लाने मान वळवली होती.

ती बाहेर आली तेव्हा एक वाजून गेला होता. सवयीने झाकण उघडले. सदतीस पाच. दहाला, अकराला, बाराला, एकला तिने वर केला नव्हता, आणि तो खालीही आला नव्हता. तिचा पहिला विचार असा होता, की धाकटे मालक घाबरले. मग तिने स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितले. चार तास पडद्यापाशी कोण नव्हते? धाकटे मालक तर पलीकडच्या खोलीतच बसून होते. पंखेवाला अजून यायचा होता. नव्हती ती. चार तासांत ‘पाहिले’ कोणी दाबले नव्हते.

पंखेवाला दोनला पाच मिनिटे असताना आला. तिने त्याला डबाही ठेवू दिला नाही.

“चार नंबरच्या दारापाशी उभा राहा. झाकण उघड. आकडा मोठ्यानं सांग.”

“सदतीस पाच.”

मावशीने पडद्यावर चौथ्या खिडकीतले ‘पाहिले’ दाबले.

“आता?”

“सदतीस चार.”

तिने बोट उचलून बटण नीट निरखले. परत दाबले.

“सदतीस तीन. मावशी, काय करताय?”

“तूच सांग काय करतेय.”

“तेच. रोज करता ते.”

मावशीने वळून बघितले. “रोज करते म्हणजे?”

“मी दोनला येतो तेव्हा कमीच असतं की. मी लिहितो वहीत. मला वाटलं, तुम्ही अंड्यात काहीतरी बघितलं असणार, म्हणून मुद्दाम थंड ठेवताय.” त्याने खांदे वर केले. “तुम्ही बघून केलेलं मी कशाला बदलू?”

पंधरा वर्षे दोघे एकमेकांच्या हातात पाळी देत होते. एकाने विश्वासापायी विचारले नाही, दुसरीने संशयापायी. मधल्या मध्ये चार हजार दोनशे अंडी गारठत राहिली.

“कोणाला बोलू नकोस,” ती म्हणाली.

“मी कधी बोलतो?”

घरी तिने नवऱ्याला सगळे सांगितले. शिंप्याने मशीन थांबवले. “म्हणजे असं झालं बघ. त्या पोरीनं वरचं चित्र ताणलं. खालचं यंत्र जुन्याच मापाचं. तुला बटण इथं दिसतंय, पण त्याचं काज तिथं नाहीच. ‘पाहिले’ जिथं दिसतं, तिथं खाली तो कमी करायचा बाण आला असणार.” त्याने शर्टाच्या तुकड्यावर खडूने दोन खुणा करून दाखवल्या. “ती पोरगी दाबून बघत होती ना? मग सापडलं असतं तिला.”

“मी तिचा हात धरला,” मावशी म्हणाली.

त्याने खडूच्या खुणा झटकून टाकल्या. तिला तेच जास्त लागले.

अठरा ते एकवीस तिने चौथी खिडकी दाबली नाही, आकडा दारावरच बघितला, आणि गप्प राहिली. गप्प राहणे सोपे होते. फोनची गोष्ट सगळ्यांनी ऐकली होती, अर्ध्या लोकांना ती पटलीही होती. बॅच गेली तर दोष यंत्राचा नाहीतर फोनचा. तिच्या बोटाबद्दल केंद्रात फक्त पंखेवाल्याला माहीत होते, आणि तो तर दगड. पण वही उघडली की आकडे समोर. सात दिवस, रोज दुपारी दोन ते सकाळी सात, सात दशांश कमी. तिच्या अनुभवाने हिशेब सांगत होता, की पिल्ले जवळजवळ एक दिवस मागे आहेत. मेलेली नाहीत, मागे आहेत. गाडी मात्र वेळेवर येणार होती.

एकविसाव्या दिवशी दुपारी चार नंबरचे दार उघडले. एरवी या वेळी आत नुसता चिवचिवाट असतो. आज अंडी गुळगुळीत, एकालाही तडा नाही. धाकट्या मालकांनी कान देऊन ऐकले आणि शांतपणे दार लावले. ते अर्धवट लागले. त्यांनी दोनदा ढकलले, तरी लागेना.

“उद्या आठ वाजता बंद करू, मावशी.”

मावशीने गुडघ्याने दार लावले. मग वही पुढे केली. “उद्या नको. परवा सकाळपर्यंत द्या.”

“का?”

“ऊब मी कमी केली. तुमच्या फोननं नाही. माझ्या बोटानं.” आणि तिने सगळे सांगितले, कंप्युटरवालीचा हात धरला तिथपासून. मध्ये एकदाही ‘पडदा’ हा शब्द दोष म्हणून वापरला नाही.

धाकटे मालक वहीकडे बघत राहिले. “मावशी, पाच दिवसांपूर्वी हीच वही दाखवून तुम्ही मला सगळ्यांसमोर खुनी ठरवलं. आज तीच वही सांगतेय की तुम्ही. उद्या तिसरं कोणी? ही सगळी गाडी थांबवायची युक्ती नाही हे मी कशावरून समजू?”

“नका समजू,” मावशी म्हणाली. “संशय घ्या. एक अंडं उचला, तुमच्या हातानं. कुठलंही. आणि चला माझ्याबरोबर.”

अंधाऱ्या खोलीत त्यांनी अंडे दिव्यावर धरले. इतकी वर्षे केंद्र त्यांच्या घराचे होते, पण ते या डब्यापुढे कधी बसले नव्हते. “काळं आहे सगळं,” ते म्हणाले. “गेलंय.”

“फिरवा.”

“काळंच आहे.”

“हात बदला.”

त्यांनी हात बदलला. हवेच्या टोपीत एक टोकदार सावली वर आली, थांबली, परत वर आली. चोच होती ती. आतली पातळ त्वचा फाडून पिल्लू हवेपर्यंत पोचले होते, अजून कवचाला लागले नव्हते.

धाकट्या मालकांनी ते अंडे दोन्ही हातांनी खाली ठेवले. मग म्हणाले, “अजून दोन बघू?”

“वीस बघा.”

त्यांनी अकरा बघितली. नऊ जिवंत होती.

बाविसाव्या दिवशी सकाळी भंगारवाल्याची गाडी आली आणि फाटकाबाहेर उभी राहिली. ड्रायव्हर खाली उतरून आळस देत होता. साडेनऊला पंखेवाल्याने, जो त्या दिवशी पाळी नसताना आला होता, चार नंबरच्या दाराला कान लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने ओरडला, “ठोकतायत!”

दुपारपर्यंत सगळीकडे तडे गेले, तेविसाव्या दिवशी सकाळी पिल्ले मोजली. तीन हजार शंभरच्या थोडी वर. एरवी चार नंबर साडेतीन हजारांच्या खाली येत नसे. उरलेली अंडी मावशीने स्वतः फोडून बघितली, एकेक. कोणाला मदत करू दिली नाही. मग नोंदवही मागवली, ‘कमी निघण्याचे कारण’ या रकान्यात लिहिले, ‘तापमान माझ्याकडून कमी झाले’, आणि खाली सही केली. धाकट्या मालकांनी त्याखाली सही करताना पेन जरा थांबवले. सगळ्यांसमोर केलेल्या आरोपाची माफी तिने सगळ्यांसमोरच मागितली. एका वाक्यात मागितली, आणि मागून झाल्यावर लगेच विचारले, “पण घरी दुसरा फोन आहे का?”

“नाही हो, मावशी!”

“बरं. विचारलं.”

भंगारवाल्याची गाडी रिकामी गेली. कंप्युटरवाली आली, तिने तो ताणणारा प्रोग्राम काढून टाकला आणि चार नंबरसाठी जुना ढेरपोट्या पडदा परत एका स्टुलावर मांडला. या वेळी तिने आधी मावशीकडे बघितले आणि मग बटणाकडे.

“दाब,” मावशी म्हणाली. “सगळी दाब.”

चार नंबर किती दिवस राहील हे कोणी सांगितलेले नाही आणि मावशीने विचारलेले नाही. तिने दोन गोष्टी मात्र सुरू केल्या आहेत. पाळी देताना ती पंखेवाल्याला दहा मिनिटे थांबवून प्रत्येक आकडा का तसा आहे ते सांगते आणि त्याच्याकडूनही वदवून घेते. त्याला त्याचा मनस्वी कंटाळा येतो. आणि दर तासाला घंटी झाली की चौथ्या खिडकीतले ‘पाहिले’ ती डाव्या हाताने दाबते, आणि दारापाशी जो कोणी असेल त्याला ओरडून विचारते,

“आकडा काय?”

“सदतीस पाच, मावशी.”

“नीट बघून सांग.”